पडद्यावरचे माकड आणि ग्रंथातला भिक्खू

'मालिका पाहिली ना, मग आता पुस्तक कशाला वाचायचे?' हा प्रश्न हल्ली घरोघरी ऐकू येतो. मुले विचारतात, आणि दिवसभर राबून आलेले आईबापही मनातून तेच म्हणत असतात. प्रश्न रागावण्यासारखा नाही, विचार करण्यासारखा आहे. त्याचे उत्तर शोधताना आम्हाला चीनचे उदाहरण मोलाचे वाटते.

चीनमध्ये चार जुन्या कादंबऱ्या सर्वश्रेष्ठ मानल्या जातात. तेथील सरकारी दूरचित्रवाणीने या चारही कादंबऱ्यांवर मालिका काढल्या. 'पश्चिमेची यात्रा' १९८६ पासून, 'लाल महालाचे स्वप्न' १९८७ मध्ये, 'तीन राज्यांची कथा' १९९४ मध्ये आणि डोंगरदऱ्यांत जमलेल्या बंडखोरांची कथा १९९८ मध्ये पडद्यावर आली. यांतली 'पश्चिमेची यात्रा' आपल्याला सर्वांत जवळची, कारण ही यात्रा चीनमधून निघते ती बुद्धाच्या देशाकडे, म्हणजे आपल्याच भूमीकडे.

खरा यात्रिक

कथेच्या मुळाशी एक खराखुरा माणूस आहे. भिक्खू ह्युएन त्संग. चीनमधले ग्रंथ अपुरे आहेत आणि त्यांची भाषांतरे एकमेकांशी जुळत नाहीत, ही त्यांची तळमळ होती. त्या वेळी देशाबाहेर जाण्यास बादशहाची मनाई होती. ती मोडून, कोणाचाही परवाना नसताना, इ. स. ६२९ च्या सुमारास ते एकटे निघाले. वाळवंट आणि बर्फाचे डोंगर ओलांडून ते भारतात आले. नालंदा महाविहारात आचार्य शीलभद्रांच्या हाताखाली शिकले. महाराष्ट्रातही आले. तेव्हा येथे चालुक्य राजा दुसरा पुलकेशी राज्य करीत होता. येथील माणसे उपकार विसरत नाहीत आणि अपमान सहन करीत नाहीत, असे त्यांनी नोंदवले. या प्रदेशात शंभरावर विहार आणि पाच हजारांच्या आसपास भिक्खू असल्याचेही लिहिले. डोंगर कोरून केलेल्या एका भव्य विहाराचे वर्णन त्यांनी केले आहे. ते अजिंठ्याचे असावे असे अभ्यासक मानतात. इ. स. ६४५ मध्ये ते परतले, तेव्हा वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ लादलेले होते.

कादंबरीने काय केले?

या माणसाभोवती लोकांनी शेकडो वर्षे गोष्टी रचल्या. त्यांतून शंभर प्रकरणांची कादंबरी तयार झाली. तिची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी छापील प्रत १५९२ ची आहे. वू छंग-अन हे तिचे लेखक मानले जातात. कादंबरीत भिक्खूच्या सोबतीला तीन शिष्य आहेत : सुन वुकोंग नावाचे बलाढ्य माकड, एक खादाड डुक्कर आणि नदीतला एक राक्षस. वाटेत एक्याऐंशी संकटे येतात.

पहिला मोठा बदल येथेच झाला. इतिहासातला भिक्खू बादशहाचा हुकूम मोडून निघतो. कादंबरीतला भिक्खू बादशहाचा मानलेला भाऊ होऊन, परवाना आणि सोन्याचे भिक्षापात्र घेऊन, थाटात निघतो. खरे धाडस गेले आणि राजाची मेहेरबानी आली. शूरपणा सगळा माकडाकडे गेला आणि भिक्खू मात्र उठल्याबसल्या रडणारा झाला. कादंबरीतले बुद्धही आकाशात राहणारे, चमत्कार करणारे आहेत. आपल्या ओळखीचे, माणसात वावरणारे बुद्ध ते नव्हेत. हे ध्यानात ठेवूनच ती वाचावी लागते.

मालिकेने काय केले?

मालिकेच्या दिग्दर्शिका यांग जिये. १९८२ पासून सहा वर्षे त्या आणि त्यांचे सहकारी चीनभर हिंडून चित्रण करीत होते, तेही बहुतांशी एकाच कॅमेऱ्यावर. भिक्खूच्या भूमिकेत एकामागून एक तीन नट आले. पैसा संपला तेव्हा रेल्वेमार्ग बांधणाऱ्या एका सरकारी संस्थेने मदत केली. तरीही २५ भागांत शंभर प्रकरणे मावली नाहीत. गाळलेले बरेच प्रसंग त्याच बाईंनी पुढे १६ भागांच्या दुसऱ्या मालिकेत घेतले. ती २००० मध्ये दाखवली गेली. माकडाची भूमिका करणारे झांग जिनलाय हे अशा घराण्यातले, जिथे पिढ्यान्‌पिढ्या रंगभूमीवर माकडच साकारले जाते. आजही सुट्टीच्या दिवसांत चिनी मुले ही मालिका पाहतात.

आता तुलना करू. तीन प्रसंग पुरेत.

पहिला प्रसंग दरोडेखोरांचा. कादंबरीत भिक्खूला सहा चोर अडवतात आणि माकड त्यांना ठार करते. त्या चोरांची नावे पाहा : पाहून हर्षणारा डोळा, ऐकून रागावणारा कान, तसेच नाक, जीभ, शरीर आणि मन. म्हणजे आपली सहा इंद्रिये! कादंबरी या माकडाला 'मनरूपी माकड' म्हणते. फांदीवरून फांदीवर उड्या मारणाऱ्या माकडाची उपमा तथागतांनी चित्ताला दिली होती, तीच ही. वुकोंग या नावाचा अर्थही 'शून्यता उमगलेला' असा आहे. पडद्यावर मात्र दरोडेखोर हे दरोडेखोरच दिसतात. काठी फिरते, माणसे पडतात, मुले टाळ्या वाजवतात. मारामारी पोचते, अर्थ मागे राहतो.

दुसरा प्रसंग स्त्रीराज्याचा. तेथील राणी भिक्खूशी लग्न करू इच्छिते. कादंबरीतला भिक्खू नुसता घाबरतो. यांग जिये यांनी मात्र या प्रसंगात जीव ओतला. त्यांचा भिक्खू राणीपुढे क्षणभर खरोखर हलतो, आणि तरीही ग्रंथांच्या वाटेने निघतो. ज्याच्या मनात काही हललेच नाही, त्याच्या त्यागाला काय किंमत? येथे आमच्या मते मालिका कादंबरीच्या पुढे गेली आहे. पुस्तक नेहमीच वरचढ, असे समजण्याचे कारण नाही.

तिसरा प्रसंग शेवटचा. यात्रिक पोचतात, पण ग्रंथ देणारे दोघे आधी भेटवस्तू मागतात. ती न मिळाल्याने कोरे ग्रंथ हातात ठेवतात. अखेर भिक्खू बादशहाने दिलेले भिक्षापात्र देतो, तेव्हा अक्षरे असलेले ग्रंथ मिळतात. कचेरीत ज्याची फाईल चहापाण्यावाचून हलली नाही, त्याला हे समजावून सांगायला नको. त्या दोघांना आनंद आणि काश्यप ही नावे दिलेली पाहून आपल्याला धक्का बसतो. परंतु रोख खऱ्या थेरांवर नाही. आपल्या काळच्या लाचखाऊ अधिकाऱ्यांवर आणि मठांतल्या लोभावर लेखकाने कोरडे ओढले आहेत. मालिकेनेही हा प्रसंग गाळला नाही, हे तिचे मोठेपण.

दोघांनीही गाळलेली गोष्ट

कादंबरी आणि मालिका, दोन्हीही ग्रंथ आणल्यावर संपतात. खरे काम तर त्यानंतर सुरू झाले. परतल्यावर ह्युएन त्संग यांनी इ. स. ६६४ मध्ये मृत्यू येईपर्यंत, सुमारे १९ वर्षे बसून ७५ ग्रंथ चिनीत आणले. एक माणूस रोज टेबलाशी बसून लिहितो आहे, यात कॅमेऱ्याला दाखवण्यासारखे काय आहे? आम्ही आयुष्यभर कचेरीत वह्या लिहीत आलो आहोत. अशा कामाचे चित्र होत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण टिकते ते हेच. भारतात बौद्ध स्थळे मातीखाली गेली, त्यांची नावेही लोक विसरले. एकोणिसाव्या शतकात कनिंगहॅम यांनी नालंदा आणि इतर स्थळे ओळखली, ती ह्युएन त्संग यांनी लिहून ठेवलेल्या वर्णनाच्या आधारे. माकडाच्या काठीने हे झाले नसते.

म्हणून मुलांच्या हातून रिमोट हिसकावून घेऊ नका. मालिका त्यांच्यासोबत बसून पाहा. ज्याला अक्षर येत नाही अशा आजीपर्यंतही गोष्ट पोचते ती पडद्यामुळेच. मात्र पाहून झाल्यावर मुलांना विचारा : हा माणूस खरा होता का? तो कशासाठी चालला होता? आणल्यावर त्या ग्रंथांचे त्याने काय केले? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मालिकेत अर्धीमुर्धी सापडतील. तिसऱ्यासाठी वाचनालयाची पायरी चढावी लागेल. ती पायरी मुलांना एकट्याने चढू देऊ नका, तुम्हीही बरोबर जा.