विश्लेषण : मोबाइलच्या पडद्याला निळा रंगच जड का जातो?

ओएलईडी पडद्याच्या फोनमध्ये लाल आणि हिरवा रंग देणारे रेणू आता तरबेज झाले आहेत. निळ्याचे तसे नाही. बॅटरीवरचा भार आणि काही काळाने पडद्यावर कायमचा उमटणारा ठसा, या दोन्ही तक्रारींची मुळे बऱ्याच अंशी या निळ्या रेणूत आहेत.

तीन-चतुर्थांश वीज जाते कुठे?

ओएलईडीत मागून प्रकाश टाकणारा दिवा नसतो. वीज मिळताच कार्बनी रेणूंचा अतिपातळ थर स्वतःच उजळतो. १९८७ मध्ये ईस्टमन कोडॅकच्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी असा व्यवहार्य दिवा मांडला. पण विद्युतभारांच्या चार जोड्या जुळल्या, तर सरासरी एकच ‘सिंगलेट’ अवस्थेत जाऊन प्रकाश देते. उरलेल्या तीन ‘ट्रिप्लेट’ जोड्यांची ऊर्जा साध्या रेणूत बहुतांशी उष्णता होऊन विरते.

१९९८ मध्ये प्रिन्स्टन आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठांच्या संशोधकांनी रेणूत प्लॅटिनमचा अणू बसवला आणि ट्रिप्लेटही उजळू लागले. पुढे इरिडियम आले. लाल-हिरव्याचे काम त्यावर भागले, पण हा धातू दुर्मीळ आणि महाग.

धातूविना कसे जमले?

२०१२ मध्ये जपानच्या क्युशू विद्यापीठातील चिहाया अदाची यांच्या गटाने रेणूच्या रचनेतच उत्तर शोधले. इलेक्ट्रॉन देणारा भाग आणि घेणारा भाग एकमेकांना पीळ देऊन जोडले, की दोन अवस्थांमधली ऊर्जेची दरी अरुंद होते. इतकी, की खोलीतल्या उबेवरही ट्रिप्लेट वर चढून सिंगलेट होते. कल्पना देखणी, पण पिळाची किंमत मोजावी लागते : प्रकाश मंदगतीने निघतो आणि रंग पसरट होतो. २०१६ मध्ये ताकुजी हाताकेयामा यांच्या गटाने बोरॉन आणि नायट्रोजन नेमक्या जागी बसवलेला ताठ, जवळपास सपाट रेणू केला. त्याचा निळा कमालीचा शुद्ध होता.

मग अडले कुठे?

टिकण्यावर. तीन रंगांत निळ्याची ऊर्जा सर्वाधिक. ट्रिप्लेट जितके रेंगाळेल, तितका रेणूतले बंध तुटण्याचा धोका वाढतो. दोन ट्रिप्लेट एकमेकांना भिडले तर ऊर्जा एकाच ठिकाणी साचते आणि रेणू मोडतो. म्हणूनच फोन कंपन्या वर्षानुवर्षे निळ्यासाठी कमी कार्यक्षम, पण टिकाऊ रेणूच वापरत आल्या. नवा निळा रेणू आला, की तो किती उजळतो एवढ्यावर उत्पादकांचे समाधान होत नाही. चमक पाच टक्क्यांनी उतरायला किती तास लागतात, हेही ते विचारतात.