पॉप-अप सोडून ट्रॅव्हल ट्रेलर: पैसे वसूल होतात का?

कापडी भिंतींचा पॉप-अप ट्रेलर विकून आम्ही पक्क्या भिंतींचा ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. इथे अमेरिकेतले मराठी मित्र विचारतात, फायदा झाला का?

पावसासाठी आणि अस्वलांसाठी, नक्कीच! पॉप-अप ओला मिटून आणला की घरी पुन्हा उघडून कापड वाळवावंच लागतं, नाहीतर शिवणींवर बुरशीचे काळे ठिपके धरतात. यलोस्टोनच्या फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कात तर ग्रिझली अस्वलांमुळे कापडी ट्रेलरला प्रवेशच नाही.

ओढताना मात्र फरक कळतो. मिटलेला पॉप-अप गाडीमागे दडतो. हा उंच डबा समोरचा वारा अंगावर घेतो, पेट्रोल जास्त लागतं. गाडीच्या हुकावर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार यायला हवा. कमी पडला तर ट्रेलर मागे झुलू लागतो, आणि हे फार धोक्याचं. शिवाय जाळीतून येणारी पहाटेची गार झुळूक गेलीच, त्याची चुटपुट अजून आहे.

घेण्याआधी गाडीच्या दाराच्या चौकटीवरचा भारक्षमतेचा स्टिकर वाचा, आणि ट्रेलरचं रिकामं नव्हे, भरलेलं वजन धरूनच हिशेब करा.