शेऱ्याचा रकाना

आमच्या आयटी विभागाच्या कपाटात एक लांबोडकं रजिस्टर आहे. लाल कापडी पाठ, पुठ्ठ्यावर मार्करनं लिहिलेलं : 'हँडसेट इश्यू, २००५ पासून'. मधल्या काळात एक्सेल शीट आली, मग मालमत्तेच्या नोंदी ठेवणारं महागडं सॉफ्टवेअर आलं. रजिस्टर मात्र सुटलं नाही, कारण आमच्या ऑडिटरांचा शाईच्या सहीवरच विश्वास. येत्या महिन्यात मी निवृत्त होतोय. चार्ज देण्याच्या निमित्तानं दोन दुपारी बसून ते पहिल्या पानापासून वाचलं. नाव, मॉडेल, आयएमईआय, दिल्याची तारीख, परतीची तारीख, सही आणि शेरा. पहिले सहा रकाने कुणीही भरेल. खरी हकीकत सातव्यात आहे.

कंपनी औषधांची. ऑफिस पुण्यात, माणसं गावोगाव : दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवणारे एमआर, त्यांच्यावरचे एरिया मॅनेजर, स्टॉकिस्टकडे वसुलीसाठी खेटे घालणारे. सुरुवातीचे शेरे एका श्वासात वाचून होतात. 'लोकलमध्ये गहाळ.' 'विहिरीत पडला.' 'एसटीत विसरला.' तेव्हा फोन हरवला म्हणजे फोनच हरवायचा. आत शे-दोनशे नंबर आणि तो शेपटी वाढवत फिरणारा साप, एवढाच ऐवज.

फोनलाही व्हायरस होतो ही बातमी त्याच सुमारास आली आणि आम्ही हसलो होतो. २००४ मध्ये सापडलेला 'कॅबिर' ब्लूटूथवरून सिम्बियनच्या फोनांत शिरायचा, तोही रीतसर विचारून. मेसेज घ्यायचा का? इन्स्टॉल करायचं का? 'नाही' म्हटलं की पुन्हा तोच प्रश्न, माणूस कंटाळून 'हो' म्हणेपर्यंत. २००५ मध्ये हेलसिंकीच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर जागतिक अॅथलेटिक्स स्पर्धा चालू असताना तो प्रेक्षकांत पसरला होता. ब्लूटूथचा पल्ला जेमतेम दहा मीटर, पण मांडीला मांडी लावून बसलेल्या लोकांना तेवढा पुरला. त्या कंटाळून दिलेल्या 'हो'कडे मी तेव्हा नीट पाहायला हवं होतं.

मग ब्लॅकबेरी. भारतात ते २००४ मध्येच आलं होतं, आमच्याकडे तीन वर्षांनी, आणि फक्त साहेब लोकांना. मी त्या यंत्राच्या प्रेमात होतो हे कबूल करतो. मेल आमच्याच सर्व्हरवरून फोनपर्यंत कुलूपबंद जायची आणि नियमांची शेकडो बटणं माझ्या हातात होती : पासवर्ड किती अक्षरांचा, कॅमेरा चालू की बंद, ब्लूटूथ द्यायचं की नाही. एका विभागप्रमुखांनी आपला फोन रिक्षात विसरून मला लँडलाइनवरून कळवलं. मी खुर्चीवरून न उठता एक आज्ञा दिली आणि तो कुठे होता तिथे कोरा झाला. शेरा माझ्याच अक्षरात आहे : 'रिक्षात विसरला. डेटा पुसला.' खाली दोन रेघा मारल्यात. त्या दिवशी डब्यातली एक पोळी जास्त गेली असणार.

२६/११ नंतर याच कुलपावरून सरकार आणि ब्लॅकबेरीवाल्यांची जुंपली. २०१० मध्ये सरकारनं ३१ ऑगस्टची मुदत दिली : संदेश वाचायची सोय करा, नाहीतर सेवा बंद. कंपन्यांच्या मेलची किल्ली आमच्याकडे नसतेच, ती ग्राहक कंपनीकडे असते, असं त्यांचं म्हणणं. वाद पुढे काही वर्षं रेंगाळला. मला त्यातलं एवढंच कळलं, की ग्राहक कंपनी म्हणजे तळमजल्यावरच्या एसी खोलीत बसलेला मी.

ही सत्ता दोनेक वर्षांत संपली. संपवणारा चोर नव्हता, आमचेच एमडी होते. त्यांनी परदेशातून आयफोन आणला, माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, 'यावर मेल चालू करून दे.' नाही कसं म्हणणार? आयफोनला २००८ पासून एक्स्चेंजची मेल जोडता येत होती आणि हरवल्यास दुरून पुसताही येत होता, त्यामुळे कागदावर सगळं ठीक होतं. एमडींचा पाहून डायरेक्टरांनी आणला, मग मॅनेजरांनी, आणि पुढे तर फायनान्सनंच हिशोब मांडला की लोक स्वतःचे फोन वापरत असतील तर आपण का विकत घ्यायचे? रजिस्टरमध्ये या काळात नोंदी विरळ होतात. माझ्या मते आमच्या सगळ्या वीस वर्षांतला सर्वांत महाग निर्णय हा, आणि तो काटकसर म्हणून घेतला गेला.

२०१२ मधला एकच शेरा सांगतो. नाव सोडून देतो. विदर्भातल्या एका एरिया मॅनेजरनं राजीनामा दिला. फोन त्याचा स्वतःचा, अँड्रॉइडचा, त्यावर मेल आमची. एचआरचा निरोप आला, 'आजच्या आज अॅक्सेस काढा.' मी सवयीनं तेच बटण दाबलं. ते बटण मेल पुसत नव्हतं, अख्खा फोन पुसत होतं. पंधरा मिनिटांत त्याचा फोन आला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो फक्त विचारत होता, 'सर, मुलीच्या बारशाचे फोटो होते हो, ते परत येतील ना?' फोटो फोनच्या आतल्या मेमरीत होते, ते गेले. मेमरी कार्डाला मात्र आमच्या आज्ञेनं हातही लावला नव्हता. कार्डावर गाणी होती, दोन सिनेमे होते आणि स्टॉकिस्टांच्या मार्जिनसकट आमची पूर्ण रेट लिस्ट होती. ती घेऊन तो प्रतिस्पर्धी कंपनीत गेला. रेट लिस्टचं त्यानंच नंतर एका लग्नात भेटल्यावर सांगितलं, हसत. फोटोंचा विषय दोघांनीही काढला नाही.

अँड्रॉइडनं २०१४ च्या आवृत्तीत वर्क प्रोफाइल आणलं तेव्हा मला हा माणूस आठवला. एकाच फोनात दोन बिऱ्हाडं, मध्ये भिंत. ऑफिसच्या अॅपवर छोटीशी बॅग दिसते आणि माणूस गेला की तेवढंच बिऱ्हाड उचलायचं. फार शहाणी सोय. दोन वर्षं आधी हवी होती.

अशा सोयी विकत घेऊनही लोक लावत नाहीत, हे मात्र नंतर सगळ्या जगानं पाहिलं. डिसेंबर २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोत चौदा जणांना मारणाऱ्या हल्लेखोरांपैकी एकाचा आयफोन ५सी एफबीआयला उघडेना आणि अॅपलशी ते प्रसिद्ध भांडण झालं. गोपनीयता विरुद्ध सुरक्षा यावर इकडेही अग्रलेख पडले. आमच्या धंद्यातल्या लोकांनी दुसरीच ओळ वाचली : तो फोन कामाचा होता, मालकी काउंटीच्या आरोग्य विभागाची. काउंटीनं फोन सांभाळण्याच्या सॉफ्टवेअरचे पैसे भरले होते, पण या फोनात ते टाकलेलं नव्हतं. टाकलं असतं तर कुलूप ऑफिसातून काढता आलं असतं. खर्च महिन्याला एका फोनमागे चार डॉलर. शेवटी मार्च २०१६ मध्ये एफबीआयनं बाहेरच्या कुणाकडून तरी तो उघडून घेतला. मी ते कात्रण कापून फायनान्सच्या बोर्डावर लावलं होतं. दुसऱ्या दिवशी तिथे सुट्ट्यांची यादी होती.

याच सुमारास एमआरच्या हाती टॅब्लेट आले. कागदी व्हिज्युअल एडच्या जागी सात इंची पडदा आणि डीसीआर, म्हणजे रोजच्या भेटींचा अहवालही, त्यावरच भरायचा. कंपनीचं अॅप सोडून दुसरं काही उघडणार नाही असा बंदोबस्त आम्ही केला होता. पण २०१५ च्या जुलैमध्ये स्टेजफ्राइटचं प्रकरण बाहेर आलं : एका व्हिडिओ-मेसेजनं अँड्रॉइड फोन ताब्यात जाऊ शकतो. त्यानंतर गूगलनं दर महिन्याला दुरुस्त्या काढायला सुरुवात केली. दुरुस्ती निघते गूगलकडून, ती आपल्या यंत्रापर्यंत आणायची ते बनवणाऱ्यानं. आमचे टॅब्लेट ज्यानं स्वस्तात दिले होते, त्यानं विकल्यानंतर त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. तीन वर्षं ते तसेच वापरले. सुदैवानं काही झालं नाही, आणि काही झालं नाही म्हणून पुढच्या वेळीही स्वस्तातलेच आले.

त्या काळात कॉन्फरन्सला गेलं की हॅकरांच्या गोष्टी ऐकायच्या. रेल्वे स्टेशनवरचं चार्जिंग, कॅफेतलं वायफाय. माझ्या रजिस्टरमध्ये या दोन कारणांनी गेलेला एकही फोन नाही. 'डिस्प्ले फुटला, बाहेर रिपेअर केला' असे शेरे मात्र पानोपानी आहेत. एकदा अशाच एका एमआरबरोबर मी दुकानात गेलो. टपरीएवढं दुकान, काउंटरवर हिरवी रबरी चटई, हीट गनचा वास. पोऱ्यानं फोन घेतला, पावतीच्या मागे नऊ टिंबं काढली आणि ती आमच्याकडे सरकवली. एमआरनं बॉलपेननं पॅटर्न काढून दिला, वरून खाली आणि मग उजवीकडे. पावती फोनला रबर बँड लावून दिवसभर तिथेच राहणार होती. आमच्या तेरा पानी मोबाइल पॉलिसीत टिंबांच्या या कागदाबद्दल अवाक्षर नव्हतं.

लॉकडाउनचं पान तर वेगळ्याच अक्षरात आहे. २०२० मध्ये डॉक्टर भेटत नव्हते, एमआर घरी, आणि घरात कॅमेरावालं मोठ्या पडद्याचं यंत्र एकच. शाळा ऑनलाइन झाल्या. 'साहेब, तुमचं ते लॉक काढा ना, पोरगीची शाळा आहे,' असे दिवसाला आठ-दहा फोन. मी काढलं. सगळ्यांचं काढलं, वरच्यांना न विचारता. परत आलेल्या टॅब्लेटांत बे एकं बेच्या गाण्यांचे व्हिडिओ होते, वीसेक गेम होते आणि आठ टॅब्लेटांत जाहिरातींचा धो धो मारा करणारी कसलीशी घाण. सगळ्यांना फॉरमॅट मारला. शेऱ्यात लिहिलं : 'नेहमीची झीज.'

पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरबद्दल लोक मला फार विचारतात. २०१९ मध्ये कळलं की व्हॉट्सअॅपचा नुसता कॉल येऊन, तो न उचलताही, फोन ताब्यात गेला होता. जगभरात चौदाशेच्या आसपास फोन, त्यांत आपल्याकडचे वकील आणि कार्यकर्तेही. भयंकर आहे, पण खोकल्याचं औषध विकणाऱ्यावर कुणी एवढा खर्च करत नाही. आमच्याकडे येते ती लग्नपत्रिका. व्हॉट्सअॅपवर, ओळखीच्या नंबरवरून, शेवटी 'एपीके' अशी तीन अक्षरं. नाहीतर ई-चलन. उघडायला गेलं की फोन स्वतः बजावतो, हे धोक्याचं असू शकतं. मग विचारतो, तरीही टाकायचं? एसएमएस वाचू द्यायचे? आमच्या एका वसुलीवाल्यानं दोन्हीला 'हो' म्हटलं आणि त्याचे ओटीपी दुसरीकडे जाऊ लागले. विचारलं तर म्हणाला, 'सारखं विचारत होतं सर.'

आयएमईआयचा रकाना मात्र म्हातारपणी कामाला आला. *#०६# दाबून आलेले पंधरा आकडे मी वर्षानुवर्षं नुसते उतरवत होतो. पोलिसांत तक्रार देताना लिहायचे, पुढे काही नाही. २०१९ मध्ये चोरीचे फोन सगळ्या नेटवर्कांवर बंद पाडायची व्यवस्था आधी मुंबईत सुरू झाली, २०२३ मध्ये सरकारच्या संचार साथी पोर्टलमुळे देशभर. त्यानंतर आमचे चार फोन बंद पडले आणि एक चक्क परत आला, मागचं कव्हर बदलून, आत परक्या बाळाचा वॉलपेपर.

काल माझ्या जागी येणाऱ्या मुलीला सगळं समजावलं. सोडून गेलेल्यांच्या वैयक्तिक खात्याला बांधलेले, आता कुणालाच न उघडणारे सहा आयफोन तिला दाखवले. शेवटी माझी ओळ आली. तिनं परतीची तारीख घातली, सही घेतली, फोन हातात घेतला आणि थबकली. पॉलिसीप्रमाणे सहा आकडी पिन हवा होता, माझ्या पडद्यावर नऊ टिंबं होती. माझा फोन 'टेस्टिंगसाठी' म्हणून मीच केव्हातरी नियमांतून वगळला होता.

'सर, पॅटर्न?' तिनं विचारलं.

मी जवळचा कागद ओढला आणि काढून दिला. वरून खाली, मग उजवीकडे.