मेंदूची शिकवणी

डोक्याच्या त्वचेवर दोन-तीन ठिकाणी पेस्ट लावून छोट्या चकत्या चिकटवतात, एक चिमटा कानाच्या पाळीला अडकवतात आणि समोर चित्रपट लावून देतात. मध्येच चित्र अंधुक होतं, आवाज बसतो. थोड्या वेळानं पडदा आपोआप उजळतो. रिमोट कुणाच्याच हातात नसतो. मेंदूच्या लहरी ठरवून दिलेल्या पट्ट्यात आल्या की चित्र स्वच्छ दिसतं, भरकटल्या की विरतं. अर्ध्या-पाऊण तासाचं एक सत्र, अशी साधारण वीस ते चाळीस सत्रं. हा न्यूरोफीडबॅक. मुलांचं लक्ष न लागणं, चिंता, निद्रानाश, आघातानंतरचा मानसिक त्रास आणि दारू-ड्रग्जचं व्यसन अशा अनेक तक्रारींवर तो दिला जातो. पुण्या-मुंबईतही तो देणारी केंद्रं आहेत.

शॉक देतात का, ही घरच्यांची पहिली शंका. अजिबात नाही. चकत्या फक्त ऐकतात, मेंदूत काहीही सोडत नाहीत. त्या जो विद्युतसंकेत टिपतात तो व्होल्टच्या काही दशलक्षांश भागांइतका क्षीण असतो. पापणी मिटली किंवा जबडा आवळला तरी त्याहून मोठी लाट उमटते. जाणकार तंत्रज्ञ ही स्नायूंची गडबड आधी बाजूला काढतो. तेवढी काळजी घेतली नाही तर रुग्ण मेंदूऐवजी जबडा सैल सोडायला शिकतो, आणि त्याचेच पैसे भरतो.

माणसाच्या मेंदूलहरी पहिल्यांदा टिपल्या हान्स बर्गर यांनी, जर्मनीतल्या येना शहरात, 1924 साली. त्या लहरी माणूस स्वतःच्या इच्छेनं बदलू शकेल, हे मात्र बऱ्याच वर्षांनी पुढं आलं. ते दाखवलं प्रथम शिकागोत ज्यो कामिया यांनी आणि मग कॅलिफोर्नियात बॅरी स्टर्मन यांनी. स्टर्मन यांचे विद्यार्थी होते मांजरं. मांजर सावध पण अगदी निश्चल बसलं की त्याच्या मेंदूत सेकंदाला 12 ते 15 आवर्तनांची एक लय उठते. ती उठली की खाऊ मिळायचा. मांजरं ती लय मुद्दाम काढायला शिकली.

पुढं स्टर्मन यांच्याकडं वेगळंच काम आलं. रॉकेटच्या एका विषारी इंधनानं झटके येतात. ते किती मात्रेला, हे तपासायचं होतं. काही मांजरांना झटके अपेक्षेपेक्षा बरेच उशिरा आले. नोंदी चाळल्यावर कळलं, ही तीच शिकवणी झालेली मांजरं. मांजराला कसली आशा नसते आणि डॉक्टरवर श्रद्धाही नसते, म्हणून हा पुरावा आजही वजनदार वाटतो. 1972 मध्ये स्टर्मन यांनी हीच पद्धत अपस्मार असलेल्या एका तरुणीवर वापरली, आणि तिचे झटके कमी झाले.

व्यसनमुक्तीत ही पद्धत गाजली ती कोलोरॅडोतल्या फोर्ट लायन इथल्या, माजी सैनिकांच्या रुग्णालयातून. यूजीन पेनिस्टन आणि पॉल कुल्कोस्की यांनी 1989 मध्ये वर्षानुवर्षं दारू पिणाऱ्या दहा जणांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. आधी हाताचे तळवे ऊबदार करायला शिकवून शरीर सैल सोडायचं. मग डोळे मिटून, कानावर पडणाऱ्या आवाजांच्या आधारानं, झोपेच्या उंबरठ्यावरच्या अल्फा-थीटा अवस्थेत उतरायचं आणि तिथं आपण ग्लास नाकारतोय असं चित्र मनात उभं करायचं. वर्षभरानंतरही दहापैकी आठ जण दारूपासून दूर होते. ज्या आजारात उपचारानंतर पुन्हा घसरणं हे नेहमीचं दुखणं, तिथं हा आकडा ऐकून लोक हरखले नसते तरच नवल.

पण दहा माणसं म्हणजे फारच थोडी. शिवाय त्यांना लहरींची शिकवणी, शिथिलीकरण, मनोचित्रण आणि आपुलकीनं दिलेला वेळ हे सगळं एकत्रच मिळालं होतं. गुण कशाचा, हे कसं ठरवायचं? 2005 मध्ये लॉस एंजेलिसच्या एका निवासी केंद्रात 121 जणांवर मोठा प्रयोग झाला. शिकवणी पूर्ण केलेल्यांपैकी 77 टक्के लोक वर्षभरानं नशेपासून दूर होते, तर शिकवणी न मिळालेल्या दुसऱ्या गटातले 44 टक्के. दुसऱ्या गटालाही तितकाच जादा वेळ दिला होता, हे या प्रयोगाचं मोठं बळ. पण तो वेळ पडद्यासमोरचा नव्हता, आणि कोण कुठल्या गटात आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

हीच उणीव भरून काढणारी कडक परीक्षा अतिचंचल, लक्ष न टिकणाऱ्या मुलांवर झाली. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अमेरिकन अभ्यासात 7 ते 10 वर्षांची 144 मुलं होती, प्रत्येकाला 38 सत्रं. काहींचा पडदा त्यांच्याच लहरींवर चालायचा, काहींचा आधी मुद्रित केलेल्या दुसऱ्याच्या लहरींवर. कुणाला काय मिळतंय हे मुलांना, पालकांना किंवा शिकवणाऱ्यांना कळू दिलं नव्हतं. दोन्ही गटांत चांगली सुधारणा झाली. वर्षाहून अधिक काळ ती टिकलीही. दोन गटांमध्ये फरक मात्र दिसला नाही.

म्हणजे मुलं सुधारली हे खरं, पण त्याचं श्रेय लहरींना देता येत नाही. ठरलेल्या वेळी येणं, शांत बसणं, कुणीतरी मन लावून शिकवणं, आपण सुधारतोय असा विश्वास बसणं, यांचा वाटा इथं मोठा असावा. व्यसनी माणसाच्या आयुष्यातून नेमक्या याच गोष्टी निसटलेल्या असतात, त्यामुळं त्यांना कमी लेखून चालणार नाही. पण त्या गटोपचारातून, नियमित फॉलो-अपमधून आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभेतूनही मिळतात. तिथल्या सभेला फी नसते.

बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या संस्थेत या पद्धतीवर अनेक वर्षं काम चालू आहे. अमेरिकेत 2023 मध्ये आघातानंतरच्या त्रासासाठी अशा एका उपकरणाला इतर उपचारांच्या जोडीनं वापरायची परवानगी मिळाली. जोडीनं, हा शब्द व्यसनाच्या बाबतीत घरच्यांनी धरून ठेवावा. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकाएकी दारू सोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. ते पहिले दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढावे लागतात. तलफ कमी करणारी नाल्ट्रेक्सोनसारखी औषधंही आहेत, आणि न्यूरोफीडबॅकपेक्षा त्यांच्यामागचा पुरावा कितीतरी भक्कम आहे. एखादं केंद्र ही औषधं बंद करून नुसती सत्रं घ्या म्हणत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय तिथं आगाऊ पैसे भरू नयेत.