घराचाही मांडा पाण्याचा ताळेबंद

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारमध्ये पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती झाला, त्यातलं किती पाणी हाताशी राहिलं, याचा हिशेब गाव एकत्र बसून करतं. माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं आणि उरलेल्या पाण्यावर पिकं ठरवायची, हा तिथला रिवाज. शेतीसाठी बोअरवेल घ्यायला गावाने बंदी घातली आहे. जेमतेम पावसाच्या पट्ट्यातलं हे गाव सावरलं, त्यात पाणलोटाच्या कामांइतकाच या हिशेबाचा वाटा आहे.

आपल्या घरात दुधाचा, किराण्याचा, विजेचा हिशेब असतो. पाणी मात्र बिनहिशेबी वाहतं. ‘पाणी जपून वापरा’ हे सगळ्यांना पटतं, पण नेमकं कुठे जपायचं ते मोजल्याशिवाय कळत नाही.

खर्चाची बाजू

शहरांच्या पाणीयोजना सहसा माणशी रोजचे १३५ लिटर धरून आखल्या जातात. ग्रामीण भागासाठी जलजीवन मिशनने किमान ५५ लिटर धरले आहेत. शहरी मापाने चौघांच्या घराला दिवसाला ५४० लिटर लागतात. यातलं पिण्या-स्वयंपाकाचं पाणी अगदी थोडं. बाकीचं आंघोळ, कपडे, भांडी आणि संडासात जातं.

संडासापासूनच सुरुवात करा. फ्लशची जुनी टाकी एका वेळी दहा लिटर किंवा त्याहूनही जास्त पाणी ओतते. दोन बटणांच्या नव्या टाकीत लहान बटणाला साधारण ३ आणि मोठ्या बटणाला ६ लिटर लागतात. दिवसात वीस वेळा फ्लश होत असेल आणि त्यातल्या सोळा वेळा लहान बटण पुरत असेल, तर २०० लिटरचं काम ७२ लिटरमध्ये होतं. टाकी बदलणं शक्य नसेल, तर पाण्याने भरून घट्ट बूच लावलेली लिटरभराची बाटली टाकीत उभी करा, दर फ्लशला तेवढं पाणी वाचेल. वीट मात्र टाकू नका. ती झिजते आणि तिचा चुरा झडपेत अडकतो.

याच टाकीची गळती बहुधा लक्षात येत नाही. टाकीत खाण्याचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला, तर झडप गळते आहे. ठिबकणाऱ्या नळाखाली तासभर पातेलं ठेवा आणि जमलेलं पाणी मोजा. अर्धा लिटर भरलं, तर दिवसाला १२ आणि वर्षाला ४,३८० लिटर पाणी वाया जातंय. अनेकदा एक वायसर बदलला की हे थांबतं.

साधं घरगुती आरओ यंत्र एक लिटर पाणी शुद्ध करताना साधारण तीन लिटर बाहेर टाकतं. नळीखाली बादली ठेवली, तर ते पाणी लादी पुसायला, भांडी विसळायला चालतं. नळाच्या पाण्यातले एकूण विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असतील आणि दुसरं रासायनिक प्रदूषण नसेल, तर आरओची गरजही सहसा नसते.

रोज सकाळी ‘शिळं’ म्हणून हंडाभर पाणी मोरीत ओतायची पद्धत अजून पुष्कळ घरांत आहे. स्वच्छ भांड्यात झाकून ठेवलेलं पिण्याचं पाणी एका रात्रीत खराब होत नाही.

जमेची बाजू

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे १०० चौरस मीटरच्या गच्चीवर ७०,००० लिटर पाणी उतरतं. त्यातला पाचवा हिस्सा वाया गेला तरी ५६,००० लिटर उरतात. वरच्या हिशेबाने चौघांच्या घराला हे शंभर दिवस पुरेल.

एवढं पाणी साठवायला जागा क्वचितच असते. म्हणून थोडं टाकीत घ्यावं आणि बाकीचं जमिनीत मुरवावं. पहिल्या एक-दोन सरींनी गच्ची धुऊन जाऊ द्यावी, मग पाणी खडी-वाळूच्या गाळणीतून पुढे न्यावं. महाराष्ट्राचा बहुतांश भाग काळ्या बसाल्ट खडकावर आहे. या खडकात पाणी मुरमाच्या थरात आणि भेगांतच साठतं, त्यामुळे भूजलाचा साठा मर्यादित असतो आणि उपसा वाढला की लवकर आटतो. गच्चीचं गाळलेलं पाणी विहिरीत किंवा बोअरवेलजवळच्या खड्ड्यात मुरवलं, तर तो साठा भरायला मदत होते. न गाळलेलं पाणी बोअरमध्ये कधीही सोडू नये.

परसदारी

कोकणात मोरीच्या पाण्यावर केळी, अळू, कर्दळ लावण्याची जुनी रीत आहे. ही झाडं ओल सोसतात आणि सांडपाणी शोषून घेतात. आंघोळीचं पाणी फुलझाडांना त्याच दिवशी घालावं, साठवलं तर वास सुटतो. डिटर्जंटचं पाणी पालेभाजीला घालू नये. उरलेल्या सांडपाण्यासाठी शोषखड्डा आहेच. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी असे खड्डे घेतले. उघडी गटारं गेली आणि डासही हटले.

झाडांना पाणी पहाटे किंवा संध्याकाळी घालावं. आळ्यात पालापाचोळ्याचं जाड आच्छादन केलं की ओल टिकते. गावी जाताना भाजलेल्या मातीचं, झिलई नसलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरून, पाण्याने भरून, वर झाकण ठेवावं. मडक्यातून पाणी पाझरतं आणि मुळांना लागेल तसं मिळत राहतं.

हिशेब कोणी करायचा?

२०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या घरांत प्रत्येक कळशीचा हिशेब असतोच, त्यांना काही शिकवायची गरज नाही. ज्यांच्या नळाला रोज पाणी येतं, हिशेबाची जबाबदारी त्यांच्यावर जास्त आहे. आज रात्री झोपताना पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा. मीटर नसेल, तर पाणी यायचं बंद झाल्यावर टाकीतल्या पातळीवर खूण करा. सकाळी नळ उघडण्याआधी पुन्हा पाहा. आकडा पुढे गेला असेल किंवा पातळी उतरली असेल, तर घरात गळती आहे. प्लंबरला उद्याच बोलवा.