प्लास्टरच्या आत काय चालते?

पावसाळ्यात शाळेच्या ओल्या व्हरांड्यात घसरून हात मोडला, की एकदोन दिवसांनी ते मूल गळ्यात झोळी अडकवून वर्गात येते. बाकीची मुले पांढऱ्या प्लास्टरवर नावे लिहू लागतात आणि आपल्यालाही वाटते, काळजी मिटली. खरे तर डोळ्यांत तेल घालून पाहायचे ते याच दिवसांत.

जिप्सम हे कॅल्शियम सल्फेटचे खनिज. त्याच्या प्रत्येक रेणूला पाण्याचे दोन रेणू बांधलेले असतात. सुमारे १५० अंश सेल्सियसला तापवले, की त्यांतले दीड रेणू उडून जातात आणि उरते ते प्लास्टर ऑफ पॅरिस. ('दीड रेणू कसा?' असे वर्गात कोणी विचारलेच, तर दोन रेणूंमागे तीन, असे सांगावे.) पाणी मिळताच भुकटीचे पुन्हा जिप्सम होते. सुईसारखे स्फटिक एकमेकांत गुंततात, लगदा दगडासारखा होतो आणि उष्णता बाहेर पडते. हाताला बांधताना थर पातळ असतो, खाली कापूस असतो, म्हणून फक्त ऊब जाणवते. पण २००७ मध्ये इंग्लंडमधील एका शाळेत साचा घेण्यासाठी मुलीने प्लास्टरच्या बादलीत हात घातले, ते अडकले आणि इतके भाजले की बहुतेक बोटे कापावी लागली. हा प्रयोग शाळेत चुकूनही नको.

अशा प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळण्याची युक्ती माथायसन या डच लष्करी शल्यचिकित्सकाने १८५१ मध्ये काढली. आता फायबरग्लासही वापरतात. ताठरपणा हा गुण मात्र दोन्हींत सारखाच. हाडाला हवा असतो तो हाच गुण. मांसाला मात्र तो घातक ठरू शकतो. मोडलेल्या जागी सूज वाढते, वेष्टन ताणत नाही, मग आतला दाब वाढतो. त्याने आधी बारीक केशवाहिन्या दबतात. मोठ्या रोहिणीतला दाब पुष्कळ जास्त असल्याने मनगटाची नाडी लागत राहते, बोटेही गुलाबी दिसतात, आणि आत स्नायू प्राणवायूवाचून मरत असतात! सहाएक तासांत ही हानी कायमची होऊ लागते. घट्ट बांधण्याने बोटे पंज्यासारखी आखडतात, हे जर्मन शल्यचिकित्सक फोल्कमान यांनी १८८१ मध्येच लिहून ठेवले. हाडवैद्याने करकचून आवळलेल्या कामट्यांनीही हेच होते. कधी हातच कापावा लागतो.

आमच्या ओळखीच्या घरातली एक मुलगी रात्रभर रडत होती. हाड मोडल्यावर दुखणारच, असे म्हणून तिला गप्प केले गेले. सकाळी डॉक्टरांनी प्लास्टर चिरले. हात राहिला, पण बोटे आजही पुरती सरळ होत नाहीत.

नीट बसवलेल्या हाडाचे दुखणे तासागणिक कमी व्हायला हवे. ते वाढत असेल, औषधाने थांबत नसेल, बोटांना मुंग्या येत असतील, बोट हळूच सरळ करताच मूल किंचाळत असेल, तर उद्यावर टाकू नये. तडक इस्पितळ गाठावे. तिथे प्लास्टर आणि खालचा कापूस दोन्ही उभे चिरतात. लहान मुलाला मुंग्या सांगता येत नाहीत, ते नुसते चिडचिड करते. म्हणूनच ताज्या मोडीवर पुष्कळदा पूर्ण नळकांडे न घालता अर्धगोल पट्टी बांधतात आणि सूज उतरल्यावर प्लास्टर पुरे करतात.

आणि खाज सुटली म्हणून मुले कंपासपेटीतली पट्टी आत खुपसतात, तीही काढून घ्यावी. आतली जखम बाहेरून दिसत नाही; कळते ती वासावरून.