हाक आपल्या दारी

लेक नर्सिंग शिकली आणि प्रभूच्या सेवेसाठी बालाघाट जिल्ह्यातल्या परसवाड्याला निघाली, तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. ‘अव्वा, मला बोलावणं आलंय,’ एवढंच ती म्हणे.

सासूबाईंनी पंडिता रमाबाईंची आठवण काढली. कर्नाटकातल्या गंगामूळला जन्मलेल्या रमाबाई १८८३ मध्ये ख्रिस्ती झाल्या. आई-वडील त्यांनी उपासमारीतच गमावले होते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या (बालाघाट तेव्हा त्याच प्रांतात) आणि सुमारे ३०० निराधार मुली व विधवांना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती मिशनचं काम त्यातूनच वाढलं.

‘दुसऱ्याच्या लेकीला हाक आली की कौतुक, आपल्या लेकीला आली की रडायचं?’ सासूबाई म्हणाल्या.

मी डोळे पुसले आणि तिच्यासाठी शेंगाची चटणी कुटायला बसले.